पट्ट्याची थाप

“हा पट्टा माझं काळीज ऐकत नाही गं, माझी भाकरी ऐकतोय.”

सासूबाई असं म्हणाल्या तेव्हा स्नेहल बिराजदार हसली होती. महानंदाबाई परातीपुढे मांडी घालून बसल्या होत्या. उजव्या मनगटावर तो राखाडी पट्टा होता आणि हात आपल्या तालात चालला होता. दोन थापा, एक गिरकी. दोन थापा, एक गिरकी.

“हात थांबवला की हा बावचळतोय बघ. आकडा जातो, नुसतं चाक फिरत बसतं. पुन्हा थापायला लागलं की लगेच अठ्ठ्याहत्तर. तूच बघ.”

स्नेहलने बघितलं नाही. कडेवर लेक इरा होती, इराचं नाक वाहत होतं, आणि बाहेर पुण्याला जाणाऱ्या मालाचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. “आत्या, त्यात लाखो माणसांची माहिती भरलेली असते,” ती म्हणाली. “तो तुम्हाला तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो.”

“बरं झालं. कुणीतरी ओळखायला पाहिजेच होतं मला,” महानंदाबाई म्हणाल्या आणि पुढचा गोळा हातात घेतला.

सोलापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सात बायका कडक भाकऱ्या करत. पातळ, खरपूस, महिनाभर टिकणाऱ्या. स्नेहल इलेक्ट्रॉनिक्समधली बी.एस्सी. होती. ऑर्डरी, पॅकिंग आणि इरा हे तिघं तिच्याकडे होते. नवरा शिवानंद पुण्यात नोकरीला होता, महिन्यातून एकदा यायचा. पट्टे आणायचं स्नेहलनेच ठरवलं होतं, पण ठरवलं म्हणणंही फारसं खरं नाही. विमा कंपनीचा नियमच तसा झाला होता. पट्टा नाही तर कार्ड नाही, आणि कार्ड नाही तर दवाखान्याचं दार उघडत नाही. दार खरोखरच उघडत नसे. काचेचं होतं आणि पट्टा ओळखून सरकायचं.

पट्ट्याचं नाव ‘स्पंद’. बायका त्याला नुसतं नाडी म्हणायच्या आणि त्यावरून दिवसभर एकमेकींची चेष्टा चालायची. “महानंदे, तुझी नाडी सैल झालीय, सांभाळ,” असं कस्तुराबाई मोठ्यांदा म्हणायची आणि माल न्यायला आलेला टेम्पोवाला खाली मान घालून खोकी मोजायला लागायचा.

कस्तुराबाई महानंदाबाईंची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघींनी मुली असताना एकाच जत्रेत, एकाच गोंदणारणीकडून उजव्या मनगटावर विंचू गोंदून घेतला होता, भोवती ठिपक्यांची साखळी. कातडी सुरकुतली होती, पण विंचू तसाच होता, हिरवट काळा आणि नांगी वर केलेला. पट्टा बरोबर त्या विंचवावर बसायचा. डाव्या हातात बांधायचा तर त्या हाताने परात फिरवताना तो पिठात बुडायचा, म्हणून उजवाच ठरला होता.

चैत्रात ‘स्पंद’कडून एक साहेब आले. त्यांच्या हातात पुष्पगुच्छ होता, मागे कॅमेरावाला होता.

“ताई, आमच्या नोंदींमध्ये असा दुसरा गट नाही,” ते स्नेहलला म्हणाले. “सातही जणींचा कामाच्या वेळचा ठोका जवळजवळ सारखा आहे. वयं वेगळी, वजनं वेगळी, पण हृदयं एका सुरात. निरोगी सामूहिक श्रम म्हणतात ते हेच.”

“सातजणींचं काळीज एक असतं, तर रोज भांडणं कशाला झाली असती हो साहेब?” कस्तुराबाई म्हणाली.

सगळे हसले. साहेबही हसले. फोटो निघाला आणि पुढे शहराबाहेरच्या रस्त्यावर मोठ्या फलकावर लागला: सात सख्या, एक ठोका. स्नेहलने त्या फलकापुढे इराला उभं धरून फोटो काढला आणि शिवानंदला पाठवला.

आज त्या फोटोची आठवण आली की तिच्या दातांवर दात बसतात.

पट्ट्यामागचं विज्ञान काही गुप्त नव्हतं. ते तिला कॉलेजात शिकवलेलंच होतं. पट्ट्याच्या पोटात बारीक हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात जरा जास्त रक्त येतं आणि परत येणारा उजेड जरा कमी होतो. दोन ठोक्यांच्या मधे तो पुन्हा वाढतो. उजेडाची ही लुकलुक मोजली की नाडी कळते. मात्र ही लुकलुक फार क्षीण असते. हात हलला, पट्टा सरकला, कातडी ताणली गेली की त्याहून कितीतरी मोठी उलथापालथ होते. ती हालचाल वेडीवाकडी असेल तर यंत्र गाळून टाकू शकतं. हालचालच तालात असेल, तर यंत्राला दोन ताल ऐकू येतात, एक आतला आणि एक बाहेरचा. बाहेरचा मोठा असतो. यंत्र तोच धरून बसतं. त्यात उजेडाच्या वाटेत गोंदणाची शाई असेल तर आतला ताल ऐकूच येत नाही, कारण शाई तो हिरवा उजेड आधीच गिळून टाकते.

इथपर्यंत चूक म्हणजे नुसती चूक होती. कंपनीने तिच्यावर कळस चढवला. चाक फिरताना दिसलं की ग्राहक तक्रार करत, म्हणून नव्या पट्ट्यात त्यांनी ‘स्वभाव’ नावाची सोय घातली. पट्टा जुन्या पट्ट्याच्या नोंदींवरून माणसाचा ठोका शिकायचा आणि मग जिथे नीट ऐकू येत नाही तिथे शिकलेल्यातून अंदाजाने भरायचा. मोजलेला आकडा आणि भरलेला आकडा पडद्यावर एकाच रंगात दिसायचा, हिरव्या. महानंदाबाईंकडून पट्टा काय शिकला होता? भाकरी. त्यांच्या काळजाच्या जागी पट्ट्याने एक परात ठेवली होती.

वैशाखात नवे पट्टे आले. चाक फिरायचं बंद झालं. “सुधारला वाटतं,” महानंदाबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला.

त्यानंतर त्यांच्या भाकऱ्या बिघडायला लागल्या. कडा जाड राहायच्या. उंबऱ्यावर त्या उगाच बसून राहायच्या.

“गरगरतंय गं,” एकदा म्हणाल्या.

स्नेहलने फोन काढला. “अठ्ठ्याहत्तर आहे आत्या. उन्हानं होत असेल. सरबत करते.”

“मी तुला विचारलं का किती आहे ते? मी सांगितलं काय होतंय ते.”

शिवानंदचा फोन आता आठवड्यातून एकदाच यायचा. पूर्वी रोज रात्री यायचा, आईशी बोलायचा, काय खाल्लं ते विचारायचा. आता त्याच्या फोनच्या पडद्यावर कोपऱ्यात आईच्या नावाचा हिरवा ठिपका होता. “बघतो ना मी रोज,” तो म्हणायचा. “मस्त चाललंय आईचं.” महानंदाबाईंना हे कळलं होतं. मात्र रात्री फोनची घंटी वाजली की त्या अजूनही हात पुसून तयार व्हायच्या.

ज्येष्ठातल्या एका दुपारी शेड बंद होतं. महानंदाबाई सतरंजीवर पडल्या होत्या. छातीवर इरा पालथी झोपली होती आणि त्यांचा उजवा हात तिच्या पाठीवर थोपटत होता. तोच ताल होता. दोन थापा आणि हलकंसं चोळणं. स्नेहल खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. थोपटण्याचा आवाज थांबला तेव्हा तिला वाटलं, लागला डोळा. मग इरा रडायला लागली आणि तरी तो हात हलला नाही.

महानंदाबाईंचे डोळे अर्धवट उघडे होते. ओठ राखेच्या रंगाचे झाले होते.

“आत्या.”

“हूं,” कुठून तरी लांबून आवाज आला.

स्नेहलने आधी काय केलं ते तिला कायम सलत राहील. तिने फोन बघितला. अठ्ठ्याहत्तर. उत्तम. खाली एक हसरा चेहरा.

मग तिने फोन सतरंजीवर टाकला आणि इराला बाजूला करून सासूच्या छातीला कान लावला. एक ठोका आला. ती वाट बघत राहिली. तिच्या स्वतःच्या कानशिलात दोन ठोके पडून गेले, तिसरा पडला, तेव्हा कुठे आत पुन्हा एक आला, जड, दमलेला, विहिरीत दगड पडावा तसा.

‘स्पंद’च्या मदतवाहिनीवर माणूस नव्हता, गोड आवाज होता. “महानंदाताईंची स्थिती उत्तम आहे. आपल्याला काळजी वाटते आहे का? काळजीसाठी श्वसनाचा व्यायाम सुरू करू का?”

“गाडी पाठवा. त्यांचं हृदय थांबायला आलंय.”

“महानंदाताईंचा ठोका अठ्ठ्याहत्तर आहे. गाडी तातडीच्या रुग्णांसाठी राखीव आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.”

स्नेहलच्या तोंडून त्या आवाजाला उद्देशून जो शब्द निघाला तो तिने जन्मात कधी वापरला नव्हता. शेजारच्या रिक्षावाल्याने आणि तिने मिळून महानंदाबाईंना रिक्षात घातलं. इरा तिच्या गळ्याला लटकली होती.

दवाखान्याचं दार पट्टा ओळखून सरकलं, तेवढं मात्र केलं. आत पडद्यावर नावं लागत होती, लाल आधी, पिवळी मग, हिरवी शेवटी. महानंदा बिराजदार हे नाव तळाला जाऊन बसलं. खिडकीमागे पल्लवी नावाची मुलगी होती, नावाची पट्टी लावलेली, दिसायला भली.

“मॅडम, हिरवं आहे त्यांचं. बसवा ना बाकावर. नंबर येईल.”

“तुम्ही त्यांच्याकडे बघा. पडद्याकडे नको.”

“मी क्रम बदलू शकत नाही मॅडम. तो आपोआप लागतो. मी बदलला तर माझ्यावर येतं.”

“डॉक्टरांना सांगा, फक्त हात लावून बघा म्हणावं.”

“डॉक्टर क्रमानेच बघतात.”

बाकावर महानंदाबाई शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या खांद्यावर कलंडल्या होत्या. त्या परक्या माणसाने न सांगता त्यांचं डोकं सावरून धरलं होतं. त्यांच्या पायाशी भाजीची पिशवी होती आणि तिच्यातून एक कोवळा, मनगटाएवढा दुधी बाहेर डोकावत होता.

स्नेहलच्या डोक्यात काय झालं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. हिरवा उजेड. ताल. स्वभाव.

“काका, हा दुधी देता?”

“अं? घ्या की.”

तिने सासूच्या हातातला पट्टा सोडला आणि त्या दुधीवर आवळून बांधला. पट्ट्याच्या पोटातले दिवे कोवळ्या सालीवर लुकलुकले. खिडकीच्या फळीवर दुधी आडवा धरून तिने तो हलवायला सुरुवात केली. दोन थापा, एक गिरकी. वर्षभर रोज ऐकलेला ताल तिच्या हाताला पाठ होता. पडद्यावर क्षणभर नाव मिटलं. पल्लवी काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात नाव परत आलं.

महानंदा बिराजदार. अठ्ठ्याहत्तर. उत्तम.

स्नेहलने हात काढून घेतला. दुधी फळीवर निपचित पडून राहिला. आकडा तसाच राहिला.

“हा भोपळा उत्तम आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण सगळं दालन वळून बघायला लागलं. “याचं काळीज तुमच्या हिशेबाने ठणठणीत आहे. याला शेवटी घ्या. आणि माझ्या सासूच्या हातात आता पट्टा नाही. म्हणजे ती तुमच्या लेखी दुधीच्या जागी भाजीच्या पिशवीत आहे. ती मेली तर पडद्यावर कुठल्या रंगात दिसणार, ते सांगा मला.”

पल्लवी त्या दुधीकडे बघत राहिली. मग खुर्ची मागे सारून उठली आणि आतल्या दाराकडे पळाली.

डॉक्टर आडके बाहेर आले ते चिडूनच. महानंदाबाईंच्या गळ्याला, जबड्याखाली त्यांनी दोन बोटं ठेवली. त्यांचा चेहरा बदलत गेला तो स्नेहलने पाहिला. “स्ट्रेचर,” ते मागे न बघता म्हणाले, आणि मग कुणालाच उद्देशून नाही असं, “किती दिवस चाललंय हे?”

हृदयाच्या वरच्या कप्प्यातली वीज खालच्या कप्प्यापर्यंत पोचेनाशी झाली होती. वरचा कप्पा हाका मारत होता आणि खालचा आपल्या मर्जीने, जमेल तेव्हा ठोका देत होता. तात्पुरती तार घालून त्यांनी ते हृदय धावतं केलं. पेसमेकर दुसऱ्या दिवशी बसला.

शिवानंद रात्रीच्या गाडीने आला. अतिदक्षता विभागाबाहेर उभा राहून तो स्नेहलला म्हणाला, “इतकं काय झालं होतं? मी रस्ताभर बघत होतो. आईचा आकडा एकदाही हलला नाही. म्हटलं, तू घाबरली असशील.”

“पट्टा आईच्या हातात नाहीये.”

“मग?”

पट्टा त्या काकांच्या दुधीवरच राहिला होता. गडबडीत तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. काकांनी दुधी पिशवीत टाकला, पिशवी सायकलला अडकवली आणि ते पॅडल मारत घरी गेले. मग दुधी त्यांच्या ओट्यावर पडून राहिला. आईचं हृदय त्या तात्पुरत्या तारेच्या जोरावर चाललं होतं तेव्हा तिचा मुलगा गाडीत बसून, दर थांब्यावर फोन काढून, एका दुधी भोपळ्याची नाडी बघत समाधानाने सोलापूरकडे येत होता.

स्नेहलने दुधीचं सांगितलं तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला. तिला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

“फोन करत जा तिला,” ती म्हणाली. “ठिपक्याला नाही. तिला.”

‘स्पंद’चे साहेब तिसऱ्या दिवशी फोनवर भेटले. आवाज तोच होता, पुष्पगुच्छाचा. “हे खरं तर यंत्राचं अपयश नाही मॅडम. वापरातली अडचण आहे. मनगटावर गोंदण असू नये, काम करताना हात एका लयीत हलू नये, कातडी फार सावळी किंवा राठ असेल तर अचूकता थोडी कमी होते. माहितीपत्रकात शेवटच्या पानावर सगळं दिलंय.”

“म्हणजे सासूबाईंनी विंचू गोंदायला नको होता,” स्नेहल म्हणाली. “उन्हात काळं व्हायला नको होतं. हाताला घट्टे पडू द्यायला नको होते. भाकरी थापायला नको होती. लेकरू थोपटायला नको होतं. एवढं सगळं केलं नसतं तर तुमचं यंत्र बरोबर होतं.”

“आपण भावनेच्या भरात बोलताय.”

“हो. बोलतेय. आणि फलकाचं काय? सात सख्या, एक ठोका? एवढे शिकलेले लोक तुमच्याकडे, एकालाही वाटलं नाही की सात काळजं एकसारखी चालूच शकत नाहीत? तुम्हाला शंका यायला हवी होती तिथे तुम्ही फुलं घेऊन आलात.”

साहेबांनी नवा पट्टा देऊ केला. तिने फोन ठेवला.

महानंदाबाई संध्याकाळी नीट शुद्धीवर आल्या. उजव्या मनगटावर पट्ट्याचा पांढरा वळ होता आणि त्यात विंचू पुन्हा मोकळा झालेला दिसत होता. शिवानंद पायाशी बसला होता. त्याच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “आलास? मला वाटलं तुझं नुसतं ठिपक्यावरच भागतंय.” मग स्नेहलकडे वळल्या. “थापाड्या निघाला की नाही तुझा पट्टा?”

“निघाला आत्या. मोठमोठ्या थापा मारत होता.”

“माझ्याच थापा मला परत मारत होता मेला,” असं म्हणून त्या हसायला गेल्या आणि टाक्यामुळे कळवळल्या. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. “कस्तुरा कुठाय?”

कस्तुराबाई बहिणीकडे गेली होती, वैशाख संपता संपता. भीमेच्या पलीकडे, अफझलपूरच्या बाजूला कुठेतरी. नक्की गाव शेडमधल्या कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. पट्टा होता ना हातात. जायच्या आधी तिच्याही भाकऱ्यांच्या कडा जाड यायला लागल्या होत्या. “आता आपण दोघी म्हाताऱ्या झालो महानंदे,” असं ती म्हणाली होती, आणि कामातून सुट्टी मागताना पहिल्यांदाच कुणाची चेष्टा केली नव्हती.

तिचा फोन लागत नव्हता. स्नेहलने गटाची नोंद उघडली. कस्तुराबाई तोळनुरे. अठ्ठ्याहत्तर. उत्तम. बहिणीच्या घरी ती काही दिवसभर भाकऱ्या थापत बसलेली नव्हती. मग हा आकडा कुठून येत होता?

कंपनीला तिचं ठिकाण माहीत होतं. स्नेहलने विचारलं, विनवलं, भांडली. गोड आवाजाने सांगितलं की व्यक्तीचं ठिकाण फक्त तातडीच्या स्थितीत उघड करता येतं, आणि कस्तुराताईंची स्थिती उत्तम आहे.

शिवानंद मोटरसायकल घेऊन अफझलपूरकडे निघाला. स्नेहलने इराला मांडीवर घेतलं, दवाखान्याच्या जिन्यावर बसली आणि फोनवरच्या मिळेल त्या प्रत्येक गटावर, प्रत्येक ओळखीच्या, अनोळखी माणसाला पाठवायला लिहायला घेतलं. दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

‘हे वाचणारे तुम्ही भीमेच्या काठच्या गावातले असाल, किंवा तिकडे तुमचं कुणी असेल, तर एक काम करा. सोलापूरहून बहिणीकडे आलेली कस्तुराबाई तोळनुरे नावाची बाई शोधा. ठेंगणी आहे, उजव्या मनगटावर विंचू गोंदलेला आहे, पट्ट्याखाली झाकला असेल. पट्ट्यावरचा आकडा बघू नका. पट्टा काढून टाका. गळ्याला जबड्याखाली दोन बोटं ठेवा आणि डोळे मिटून मोजा. ठोके लांब लांब येत असतील तर कुणाची वाट न बघता तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, आणि तिथे जे काही भांडावं लागेल ते भांडा. आणि तुम्ही हात लावल्यावर ती तुम्हाला घसघशीत शिव्या द्यायला लागली, तर त्या पूर्ण ऐकून घ्या आणि मला लगेच कळवा. मी समजेन, ती उत्तम आहे.’